जुनी चावीची घड्याळं: घेताना स्वस्त, दुरुस्तीला महाग. तुम्ही हिशेब कसा बसवता?

लेथवाला_भोसरी

नमस्कार मंडळी. भोसरीत एका वर्कशॉपमध्ये मी टर्नर आहे. गेली चौदा वर्षं ज्या लेथवर उभा आहे ते एचएमटीचं एनएच-२२. हीच सरकारी कंपनी घड्याळंही बनवायची. त्याच्यावरची ती तीन अक्षरं रोज डोळ्यांसमोर असतात, आणि तीच तीन अक्षरं लहानपणापासून वडिलांच्या मनगटावर पाहिली. वडील गेले तेव्हा त्यांचं ‘जनता’ माझ्याकडे आलं. पांढरी तबकडी, त्यावर देवनागरी आकडे, काचेवर इतके ओरखडे की वेळ अंदाजाने बघावी लागायची. ते दुरुस्त करून आणलं आणि तिथून हा नाद लागला.

आज माझ्याकडे नऊ घड्याळं आहेत. चार वर्षांपूर्वी एक वही घातली. घड्याळ कुठे घेतलं, कितीला घेतलं, दुरुस्तीला किती गेले, काच-पट्ट्याला किती. परवा बेरीज केली. नऊ घड्याळांच्या खरेदीला १२,६०० रुपये, आणि दुरुस्ती, काच, पट्टे मिळून १६,४५०. म्हणजे खरेदीपेक्षा दुरुस्ती जास्त. बायकोला वही दाखवली. ती म्हणाली, “मग तू घड्याळं गोळा करत नाहीस, दुरुस्त्या गोळा करतोस.” हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

सगळ्यात मोठं नुकसान एकाच घड्याळाने केलं. एक जुनं स्विस घड्याळ १,४०० रुपयांना मिळालं. तबकडी देखणी, बाहेरची धातूची केस जाड, चालूही होतं. दोन महिन्यांत बंद पडलं. जवळच्या एका दुकानात ९०० रुपये देऊन सर्व्हिसिंग करून घेतलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद. मग ज्यांच्याकडे आता कायम जातो त्या काकांनी उघडून दाखवलं. बॅलन्स स्टाफचं, म्हणजे मागेपुढे झोके घेणाऱ्या बॅलन्स चाकाच्या दांडीचं, टोक तुटलेलं होतं आणि आधीच्या माणसाने मशीन न खोलताच पेट्रोलमध्ये बुचकळून वरून तेल सोडलं होतं. स्टाफ सुटा मिळेना. शेवटी त्याच नंबरचं एक बंद मशीन १,६०० ला शोधून आणलं, काकांनी दोन्हींचं मिळून एक केलं, त्यांची मजुरी १,२००. एकूण ५,१००. तेवढ्या पैशात चालू अवस्थेतलं तेच घड्याळ बाजारात मिळालं असतं.

त्या दिवसापासून मी क्रम उलटा केलाय. आधी माणूस, मग मशीन, मग घड्याळ. म्हणजे माझे काका कोणती मशीनं मनापासून उघडतात, कोणत्या मशीनचे भाग त्यांच्या डब्यांत पडलेले आहेत, हे आधी विचारतो. एचएमटीचं ०२३१ नंबरचं चावीचं मशीन ते डोळे मिटून खोलतील. ‘जनता’, ‘पायलट’, ‘जवान’, ‘कोहिनूर’, तबकड्या वेगळ्या पण आत हेच. १७ ज्वेल, म्हणजे झीज टाळणारे बारीक खडे, तासाला १८,००० ठोके. बेंगळुरूचा घड्याळाचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने उभा राहिला, त्यामुळे मशीनची घडण मूळ सिटिझनची. २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, पण त्याआधी इतकी घड्याळं घराघरांत गेलीत की एकाचा भाग दुसऱ्याला लागतो आणि मिळतोही.

स्विसचंही तसंच. तबकडीवर नाव कुठलंही असो, त्या काळच्या बऱ्याच स्वस्त-मध्यम घड्याळांत मशीन ए. शिल्ड, एफएचएफ, युनिटास, ईटीए अशा मोजक्या कारखान्यांचं असायचं. बॅलन्सच्या खाली किंवा आसपास बारीक नंबर कोरलेला असतो. तो नंबर मिळाला की भाग शोधता येतात. मी आता तबकडीवरचं नाव शेवटी वाचतो.

महिन्याला १,५०० रुपये बाजूला टाकतो. त्यात खरेदी आणि दुरुस्ती दोन्ही. घड्याळ ७०० च्या वर गेलं की त्या महिन्यात घेतलेलं तसंच डब्यात राहतं, पुढच्या महिन्यात दुरुस्ती. तुम्ही कसं करता? आणि कुठल्या घड्याळावर पैसे घालायचे नाहीत हे कसं ठरवता?

जुना_बाजार_रविवार

लेथवालेदादा, धागा चांगला काढलात. मी वीस वर्षं पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी नाही तर रविवारी जातोच. मुंबईला गेलो तर चोरबाजारही. उभ्या उभ्या काय बघतो ते सांगतो.

चावी देताना बोटांना कळलं पाहिजे. सुरुवातीला हलकी, हळूहळू जड, आणि मग ठाम थांबली पाहिजे. कितीही फिरवली तरी फिरतच राहिली तर चावीच्या घड्याळात मेनस्प्रिंग, म्हणजे घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग, तुटलेली असते. विक्रेता म्हणतो, “जास्त चावी दिलीय म्हणून अडकलंय.” असं होत नाही. स्प्रिंग पूर्ण गुंडाळली गेली म्हणून घड्याळ थांबत नसतं. वाळून गोंद झालेलं तेल, गंज नाहीतर काहीतरी तुटलंय म्हणून थांबतं.

मग तबकडी वर, तबकडी खाली, चावी खाली अशा तिन्ही बाजूंनी एकेक मिनिट धरायचं. एका बाजूला चालतं आणि दुसऱ्या बाजूला थांबतं असं झालं तर बहुतेक बॅलन्सच्या टोकाचा दोष. तो खर्चाचा. त्यानंतर चावी ओढून काटे पूर्ण चोवीस तास फिरवायचे. कुठे एकमेकांना अडकतात का, तारीख असेल तर बदलते का.

आणि शक्य असेल तर मागचं झाकण उघडून घ्या. स्क्रूंची डोकी बघा. ती कुरतडलेली असतील तर आधी कुणीतरी चुकीच्या पेचकसने झटापट केलीय. चावीच्या दांडीजवळ तांबूस गंज दिसला तर पावसाचं पाणी तिथूनच आत गेलंय. तिथे मी हात आखडता घेतो. झाकण उघडू देत नसेल तर घेत नाही, मग तबकडी कितीही सुंदर असो.

एक गोष्ट मात्र स्वस्तात सुटते. मशीन टिकटिकतंय, सेकंद काटा फिरतोय, पण मोठा काटा जागचा हलत नाही किंवा मागे पडतो. बरेच जण असं घड्याळ बिघडलेलं म्हणून २००-३०० ला देऊन टाकतात. बहुतेक वेळा मिनिट काट्याखालची बारीक नळी, कॅनन पिनियन, सैल झालेली असते. जाणत्या माणसाचं ते थोड्या वेळाचं काम. माझं ‘पायलट’ असंच २५० ला आलं.

विदर्भकन्या

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच धाग्यात विचारते. मी संग्राहक वगैरे नाही. आईचं एचएमटीचं बारीक लेडीज घड्याळ आहे. ती वर्धा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका होती. रोज सकाळी शाळेला निघायच्या आधी देवापुढे दिवा लावून झाला की घड्याळाला चावी द्यायची, हा तिचा नेम. सात-आठ वर्षांपासून घड्याळ बंद आहे. इथे नागपुरात एकांना दाखवलं, त्यांनी २,२०० रुपये सांगितले. असंच घड्याळ ऑनलाइन ६००-७०० ला दिसतं. ही लूट आहे का? आईला सांगितलं तर ती म्हणेल राहू दे, एवढे पैसे नको घालूस.

घड्याळदुरुस्ती_कोल्हापूर

ताई, रागावू नका, पण ‘लूट’ हा शब्द वाचून लिहायला बसलो. माझे वडील ४१ वर्षं कोल्हापुरात घड्याळं दुरुस्त करतात. मी नोकरी करतो, शनिवार-रविवार त्यांच्या बाजूला बसतो.

चावीच्या घड्याळाची खरी सर्व्हिसिंग म्हणजे काय ते सांगतो. घड्याळ उघडायचं, काटे आणि तबकडी काढायची, मशीनचा प्रत्येक भाग सुटा करायचा. धुवायचं. प्रत्येक टोक भिंगाखाली बघायचं. मेनस्प्रिंग डब्यातून बाहेर काढून पुसायची. मग पुन्हा जोडायचं आणि तेल घालायचं. तेलही एक नाही. बॅलन्सच्या खड्यांना पातळ, जिथे जोर पडतो तिथे घट्ट, चावीच्या यंत्रणेला ग्रीस. टाचणीच्या टोकाहून कमी तेल, आणि जास्त पडलं तर ते पसरून जिथे नको तिथे जातं. चांगल्या स्विस तेलाची २ मिलीची कुपी दोन हजारांच्या आसपास येते. हे सगळं करायला वडिलांना जेन्ट्स घड्याळाला अडीच ते तीन तास लागतात. जोडून झाल्यावर दोन-तीन दिवस घड्याळ टेबलावर चालवून बघतात, तेव्हा गिऱ्हाइकाला फोन जातो.

लेडीज घड्याळ म्हणजे हेच सगळं, पण मशीन नखाएवढं. त्याची हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्सवरची वेटोळ्यांची स्प्रिंग, केसाहून बारीक असते, एक चिमटा चुकला तर गेली. वडिलांचं वय ६६, ते आता लेडीज घड्याळं घेतच नाहीत, हात थरथरतो म्हणतात. त्यामुळे जो माणूस घेतो तो २,२०० मागतो यात मला तरी नवल वाटत नाही.

पण विचारायचं जरूर. आकडा ऐकून गप्प बसू नका. नेमका कोणता भाग गेलाय? तो बदलणार की दुरुस्त करणार? बदलला तर जुना भाग परत देणार का? किती महिन्यांची हमी? जो माणूस मशीन पूर्ण खोलतो तो या प्रश्नांना उत्तरं देतो, उलट खूश होतो. आणि एक सांगून ठेवा, “तबकडीला हात लावू नका, पॉलिश करू नका.” नाहीतर हौसेने तबकडी रंगवून देणारेही आहेत.

लेथवालेदादा, तुमच्या त्या ९०० रुपयांच्या, बुचकळून केलेल्या सर्व्हिसिंगबद्दल: हा प्रकार सर्रास चालतो. घड्याळ लगेच चालू होतं म्हणून गिऱ्हाईक खूश. पण जुनी घाण तेलात मिसळून टोकांवर उगाळली जाते आणि खरी झीज त्यानंतर सुरू होते.

मस्कतकर

मी मूळचा रत्नागिरीचा, कामानिमित्त मस्कतला. आमच्याकडे गावी परत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेकाळी सेको ५ असायचं. काकांचं माझ्याकडे आहे, वाराच्या खिडकीत एक इंग्रजी आणि एक अरबी. आतलं मशीन ७००९, १७ ज्वेल, ऑटोमॅटिक.

बजेटमध्ये ऑटोमॅटिक हवं असेल तर माझं मत जुन्या सेको ५ ला. मशीन साधं, भाग मिळतात, आणि हात हलला की स्प्रिंग भरते. लक्षात ठेवा, या मशीनला चावी देता येत नाही, नुसतं मनगट हलवायचं. दुकानात कुणी “चावी लागत नाही, खराब आहे” म्हणून भाव पाडत असेल तर ऐकून घ्या आणि घेऊन टाका.

वय काढायचं असेल तर मागच्या झाकणावरच्या सहा आकडी नंबरातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा महिना. ८ ने सुरू झाला तर १९७८ असेल किंवा १९८८, ते मॉडेलवरून ठरवावं लागतं. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी आकड्याऐवजी ओ, एन, डी अक्षरं असतात.

नवखा_ठाणे

सेकोचा विषय निघालाच आहे तर विचारतो. मी ऑनलाइन एक सेको ५ बघितलंय. भगव्या रंगाची तबकडी, त्यावर मोठे आकडे, अगदी नव्यासारखं चकचकीत. ‘ओरिजिनल व्हिंटेज’ लिहिलंय, २,८०० रुपये. घेऊ का?

लेथवाला_भोसरी

नवखा, थांब. याला जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या मुंबईचं नाव या गोष्टीला चिकटलंय याचं मला वाईट वाटतं. जुनं खरं मशीन, त्यावर नव्याने रंगवलेली तबकडी, बाहेरून चमकवलेली केस, काटे भलत्याच मॉडेलचे.

ओळखायचं कसं? फोटो मोठा करून छपाई बघ. कारखान्याच्या छपाईची अक्षरं धारदार असतात, रंगवलेल्याची कडा फुगीर आणि पुसट. मिनिटांच्या रेघा आणि तासांच्या खुणा नेमक्या एका रेषेत आहेत का बघ. घड्याळ चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं आणि तबकडीवर एक डाग नाही, तर ती चाळीस वर्षांची नाही. झाकणावरचा मॉडेल नंबर टाकून त्या मॉडेलचे मूळ फोटो शोध, असा रंग कारखान्यातून कधी निघाला होता का ते लगेच कळेल.

जुना_बाजार_रविवार

इथे मी थोडी वेगळी बाजू मांडतो. माझं पहिलं घड्याळ असंच रंगवलेलं होतं, ४०० रुपयांचं, हिरवी तबकडी. मला माहीत होतं, विकणाऱ्यानेही सांगितलं होतं. ते मी सहा वर्षं रोज वापरलं आणि त्याच्यामुळेच पुढचं सगळं शिकलो. ती तबकडी रंगवणारा पण कारागीरच असतो. ज्याचं बजेट पाचशेचं आहे त्याला आपण एकदम ‘हात लावू नकोस’ म्हणू नये.

लेथवाला_भोसरी

काका, हे पटलं. रंगवलेलं आहे असं सांगून ४०० ला दिलं तर त्यात काही खोट नाही. ‘ओरिजिनल’ म्हणून २,८०० ला देणं ही फसवणूक. शिवाय दुसरी भीती दुरुस्तीची. बाहेरून जे एवढं चमकवतात ते आतलं मशीन खोलून धुतात का, याचा भरवसा नसतो. म्हणजे २,८०० देऊन वर पुन्हा सर्व्हिसिंग. नवखा, त्या पैशात एक ‘जनता’ किंवा ‘कोहिनूर’ आणि त्याची व्यवस्थित सर्व्हिसिंग दोन्ही होईल, वर पट्टा येईल.

काटा_आणि_ठोका

दोन गोष्टींची भर घालतो, दोन्ही पैसे वाचवणाऱ्या.

घड्याळ अचानक दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे जायला लागलं तर लगेच दुरुस्तीला धावू नका. फोनच्या, स्पीकरच्या, पर्सच्या चुंबकाने हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात, आणि स्प्रिंगची कामाची लांबी आखूड झाली की घड्याळ पळतं. होकायंत्राजवळ नेऊन बघा, सुई हलली तर संशय पक्का. चुंबकत्व काढायचं छोटं यंत्र चार-पाचशेला मिळतं. आम्ही तिघा मित्रांत एक घेतलंय.

दुसरं, पावसाळा. जून ते सप्टेंबर जुनं घड्याळ बाहेर घालायचं नाही. झाकणाची रबरी रिंग केव्हाच कडक झालेली असते, ‘वॉटरप्रूफ’ असं मागे कोरलेलं असलं तरी. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पंधरा दिवसांनी काढून चावी द्या, वेळ बघा, परत ठेवा. गंजाइतकी महागडी दुरुस्ती दुसरी नाही.

आणि एक सावधगिरी, ही पैशाची नाही. १९६० च्या आधीच्या घड्याळांत अंधारात चमकणारे काटे आणि ठिपके असतील तर तो रंग रेडियमचा असू शकतो. आता चमकत नाही म्हणून तो निरुपद्रवी झाला असं नाही. चमकणारं रसायन जळून जातं, रेडियम मात्र शेकडो वर्षं तसंच राहतं. काच न काढता जपून ठेवायला हरकत नाही, पण घरी उघडून तो रंग खरवडू नका. त्याची भुकटी श्वासातून आत जाते, तोच खरा धोका.

नवखा_ठाणे

सगळ्यांचे आभार. ते भगवं सोडलं. ‘कोहिनूर’ बघतोय. दिवसाला किती सेकंदांचा फरक चालतो?

लेथवाला_भोसरी

दिवसाचे सेकंद ८६,४००. तीस सेकंदांचा फरक म्हणजे एका टक्क्याचा साधारण तिसावा भाग. पन्नास वर्षांचं घड्याळ, रोज घालून, तीस-चाळीस सेकंदांत राहत असेल तर मी त्याला हात लावत नाही. दिवसाला ४,३२,००० ठोके देणाऱ्या वस्तूकडून याहून जास्त मागायला जीव होत नाही. मी लेथवर मायक्रोमीटर घेऊन काम करतो, म्हणून त्या काळी ही घड्याळं घडवणाऱ्या माणसांच्या कामाची किंमत कळते. तेव्हा ना आजच्यासारखी कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं हाताशी होती, ना सवड.

विदर्भकन्या

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. कोल्हापूरकर दादा, तुम्ही सांगितलेले चारही प्रश्न विचारले. नागपूरच्या त्या दुरुस्तीवाल्या काकांनी मला आत बसवून घेतलं आणि डोळ्याला लावायचं भिंग माझ्या हातात दिलं. बॅलन्सचं एक टोक बोथट झालेलं मला स्वतःला दिसलं. मेनस्प्रिंगही गेली होती. एका जुन्या बंद लेडीज घड्याळातून त्यांनी बॅलन्स घेतला. मेनस्प्रिंग नवी मिळाली, ती २,२०० मध्येच धरली. जुने भाग छोट्या प्लॅस्टिकच्या पुडीत घालून परत दिले. तबकडीला हात लावला नाही. आठच्या आकड्याजवळ आईच्या घड्याळावर एक पिवळट डाग आहे, तो तसाच आहे.

आईला किंमत सांगितली नाही. तिने घड्याळ हातात घेतलं, आधी कानाला लावलं, मग चावी दिली. किती वेळा फिरवायची ते बोटांना पाठ होतं. काल रात्रीपासून आज रात्रीपर्यंत ५५ सेकंद पुढे गेलंय. परत नेऊन दाखवू का?

घड्याळदुरुस्ती_कोल्हापूर

लगेच नको, ताई. वडिलांना विचारून लिहितोय. सर्व्हिसिंगनंतर आठ दिवस आईंना ते नेहमीसारखं घालू द्या. हातात असताना, टेबलावर ठेवलेलं असताना, दोन्ही वेळी फरक वेगवेगळा येतो आणि सगळ्याची मिळून सरासरी पडते. चावी रोज एकाच वेळी द्यायला सांगा, त्यांचा सकाळचा नेम आहेच. आठ दिवस रोज किती सेकंद पुढे-मागे ते कागदावर लिहून ठेवा, आणि तो कागद घेऊन जा. ते नुसता रेग्युलेटर, म्हणजे वेग कमी-जास्त करायची पट्टी, किंचित सरकवतील, मशीन खोलावं लागणार नाही, आणि त्याचे पैसे बहुतेक घेणारही नाहीत.